वाचकांचे प्रश्न : रिचर्ड प्राइस, स्वराज्य आणि वर्षासन

प्रश्न : रिचर्ड प्राइस यांचा उल्लेख कुठे तत्त्वज्ञ, कुठे धर्मोपदेशक, तर कुठे विमागणिती असा येतो. ही तीन माणसे की एकच?

एकच. जन्म २३ फेब्रुवारी १७२३ रोजी वेल्समधल्या ग्लॅमॉर्गन परगण्यातला. वडील चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्या, म्हणजे डिसेंटर पंथाचे धर्मोपदेशक होते आणि स्वभावाने अतिशय कडक. या पंथाच्या मुलांना ऑक्सफर्डमध्ये प्रवेश नव्हता आणि केंब्रिजमध्ये पदवी नव्हती, कारण तिथे अधिकृत चर्चची कलमे मान्य असल्याची सही द्यावी लागे. त्यामुळे आईवडील गेल्यावर प्राइस लंडनला आले आणि डिसेंटरांच्या स्वतंत्र विद्यालयात शिकले. तिथे त्यांचे गणित पक्के झाले. १७५८ पासून ते न्यूइंग्टन ग्रीन इथे धर्मोपदेशक होते. त्याच वर्षी त्यांचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ निघाला. योग्य-अयोग्य हे बुद्धीला कळते, ती केवळ भावना नव्हे, हा त्याचा गाभा. टॉमस बेज यांच्या मृत्यूनंतर त्यांचा संभाव्यतेवरचा अपुरा निबंध प्राइस यांनीच नीटनेटका करून १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आणला. आज संख्याशास्त्रात रोज घेतले जाणारे बेज यांचे नाव टिकले ते या मित्रामुळे.

प्रश्न : 'नागरी स्वातंत्र्य' म्हणजे त्यांना नेमके काय अभिप्रेत होते?

फेब्रुवारी १७७६ मध्ये, ब्रिटनच्या अमेरिकी वसाहतींचे ब्रिटनविरुद्धचे युद्ध पेटलेले असताना, त्यांनी यावर पुस्तिका काढली. तिच्यात स्वातंत्र्याचे चार प्रकार आहेत : शारीरिक, नैतिक, धार्मिक आणि नागरी. चौघांचा धागा एकच, आपला कारभार आपण करणे. शरीर दुसऱ्याच्या जोराने हलले, मन वासनेने ओढले गेले, श्रद्धा सरकारने ठरवली किंवा कायदा परक्यांनी केला, की त्या त्या जागी माणूस परतंत्र झाला.

यातला एक मुद्दा वाचकाने घट्ट धरावा. धनी कितीही दयाळू असला, तरी त्याच्या मर्जीवर जगणारा माणूस स्वतंत्र नव्हे. म्हणून 'वसाहतींवरचा कर हलकाच आहे' या युक्तिवादाला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. कर किती हे गौण, तो कोण लावतो हे मुख्य. मोठ्या देशात सगळे एकत्र बसून कायदे करू शकत नाहीत, तेव्हा प्रतिनिधी हवेत. पण ते मोकळेपणाने निवडलेले, थोड्या मुदतीचे आणि निवडणाऱ्यांना बांधील असावेत. यातली एक अट सुटली तरी स्वराज्याचे नुसते नाव उरते. १७७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्यांना तिकडे येऊन अर्थकारभारात मदत करण्याची विनंती केली. ते गेले नाहीत. १७८४ मध्ये त्याच अमेरिकेला त्यांनी गुलामांच्या व्यापाराबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावले. मित्राला सुनावणे अवघड असते, म्हणून ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

प्रश्न : ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क यांच्याशी वाद कशावरून झाला?

४ नोव्हेंबर १७८९ रोजी लंडनमधल्या ओल्ड ज्यूरी इथल्या प्रवचनावरून. १६८८ च्या, इंग्लंडमध्ये राजा बदलणाऱ्या क्रांतीने जनतेला तीन हक्क दिले, असे प्राइस म्हणाले : धर्माबाबत सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, सत्तेचा दुरुपयोग झाल्यास प्रतिकार, आणि राज्यकर्ते निवडण्याचा, गैरवर्तनाबद्दल त्यांना काढण्याचा व शासनाची घडी स्वतः बसवण्याचा हक्क. तिसऱ्यावर बर्क भडकले. नोव्हेंबर १७९० मध्ये त्यांचे फ्रेंच राज्यक्रांतीवरचे पुस्तक आले आणि त्याच महिन्यात लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्ट प्राइस यांच्या बाजूने लिहायला उभ्या राहिल्या. १९ एप्रिल १७९१ रोजी प्राइस वारले.

प्रश्न : त्यांचे आयुर्मानाचे कोष्टक चुकले होते म्हणतात. चूक कशी झाली?

कोणत्या वयात किती माणसे मरतात हे सांगणाऱ्या या कोष्टकासाठी त्यांनी इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टन गावाच्या चर्चनोंदी घेतल्या. नोंदीत बाप्तिस्मे कमी आणि दफने जास्त होती. गावाची लोकसंख्या स्थिर आहे असे धरून, दफनांच्या वयांवरून त्यांनी आयुर्मान काढले. पण गावात बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक बरेच होते. ते तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, म्हणून त्यांचे जन्म नोंदीत येतच नव्हते. परिणामी जन्म खऱ्यापेक्षा कमी, म्हणजे त्यांच्या मानाने मृत्यू जास्त दिसले आणि माणसे लवकर मरतात असे कोष्टक तयार झाले. प्राइस स्वतः डिसेंटर असून अधिकृत चर्चच्या वहीने त्यांना चकवले, याची चुटपुट लागते.

परिणाम दोन दिशांनी झाला. आयुर्विम्यात मृत्यू लवकर धरला की हप्ता जास्त बसतो. त्यामुळे इक्विटेबल सोसायटी ही विमासंस्था फायद्यात राहिली. वर्षासनात, म्हणजे आधी रक्कम भरून मरेपर्यंत दरवर्षी ठरलेले पैसे घेण्यात, मात्र उलटे. माणूस लवकर जाईल असे धरून सरकारने १८०८ पासून वर्षासने स्वस्त विकली, घेणारे जगत राहिले आणि तिजोरीला खोट आली. कोष्टक एकच, मृत्यूचा अंदाज फाजील धरणे विमेदाराच्या मुळावर येते, वर्षासन देणाऱ्याच्याही.

प्रश्न : एका पेनीचे सोन्याचे गोळे होतात, हे त्यांचे गणित खरे का?

गणित खरे आहे. येशूच्या जन्मावेळी एक पेनी ५ टक्के चक्रवाढीने ठेवली असती, तर प्राइस यांच्या काळापर्यंत १५ कोटी भरीव सोन्याच्या पृथ्वींहून जास्त रक्कम झाली असती, असे त्यांनी लिहिले. सरळव्याजाने मात्र फक्त ७ शिलिंग साडेचार पेनी. हे पडताळून पाहा : वर्षाला पेनीचा विसावा भाग, १७५० वर्षांचे साडेसत्याऐंशी पेनी, त्यात मुद्दलाची एक; १२ पेनीचा एक शिलिंग. चक्रवाढीने रक्कम दर १४ वर्षांनी आणि थोड्या महिन्यांनी दुप्पट होते, सगळी जादू तिथे आहे.

घोटाळा होतो तो हे गणित सरकारी कर्जाला लावताना. १७८६ मध्ये पंतप्रधान पिट यांनी दरवर्षी १० लाख पौंड बाजूला टाकणारा कर्जफेड निधी उभारला. जमाखर्चात खरी शिल्लक असेल तर तो चालतो. पण युद्धात सरकार नवे कर्ज काढून तोच निधी भरू लागले. मग एका खात्यात व्याज वाढते तितकेच दुसऱ्या खात्यात देणे वाढते, आणि नवे कर्ज महाग असेल तर वरून तोटा.