बढती घ्यायची, तर शाळेच्या फाटकाशी कोण?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. माहेर ठाण्यात पाचपाखाडीतलं, सासर नौपाड्यातलं. नवरा-बायको दोघंही आयटीत, मुलगी सहा वर्षांची. कंपनीने त्यांना प्रोग्रॅम मॅनेजरची जागा देऊ केली आहे. आठवड्यातले दोन दिवस लंडनच्या ऑफिसात जायचं आणि नवी मुंबईत ऐरोलीतली टीम सांभाळायची. त्या लिहितात, "नवरा म्हणतो, तू घे, मी आहे ना. सासूबाई म्हणतात, मी येते सहा महिने. आई म्हणते, परतच या, इथे सगळं होतं. मला मात्र रात्रीची झोप लागत नाही. नाहीच म्हणून टाकावं असं वाटतंय."

ताई, इतक्यात नाही म्हणू नका. तिघंही मायेने बोलताहेत, पण लंडनला जायच्या दिवशी सव्वातीन वाजता मुलीला शाळेतून कोण आणणार, याचं उत्तर तिघांपैकी कोणीच दिलेलं नाही. तुमची झोप उडाली आहे ती त्यामुळे. जागा पेलेल की नाही, ही शंका मला तुमच्या पत्रात कुठेच दिसली नाही.

आधी आईंच्या सल्ल्याचं बोलू, कारण परदेशातल्या मुलींना तो वारंवार मिळतो. ठाण्यात काही गोष्टी खरोखर सोप्या आहेत. पोळ्यांना मावशी मिळतात, पोळी-भाजी केंद्र कोपऱ्यावर असतं, स्कूल व्हॅनचे काका दारापर्यंत येतात, शेजारच्या काकू तासभर मूल सांभाळतात. पण तुमच्याच कामाचं घड्याळ बघा. रेडिंगमध्ये बसून ऐरोलीशी करायचं बोलणं दुपारी एकच्या आत उरकतं, कारण तोवर इथे संध्याकाळ झालेली असते. तुम्ही ऐरोलीत असाल तर लंडनची दुपारी तीनची मीटिंग तुमच्याकडे उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होईल. त्यानंतर ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे गाठायचं, आणि घर घोडबंदर रोडला असेल तर पुढचा प्रवास वेगळाच. तोवर बहुतेक पाळणाघरांना कुलूप लागलेलं असतं आणि मूल आजीच्या मांडीवर झोपलेलं असतं. तुमच्या टीममधल्या ज्या मुली रोज हे करतात, त्यांना एकदा मोकळेपणाने विचारा. आईंनी पाहिलेली नोकरी साडेपाचला सुटत होती, ही तशी नाही.

शिवाय मावशींनी दांडी मारली की फोन कुणाला येतो? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. म्हणून केवळ नोकरी आणि घर जमावं यासाठी परत येऊ नका. आई-वडिलांजवळ राहायचं असेल, मुलीने इथे वाढावं असं वाटत असेल, तर जरूर या. ती वेगळी आणि चांगली कारणं आहेत.

(बाळाची चाहूल लागली आहे म्हणून परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. 2017 पासून भारतात पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत किमान 80 दिवस काम झालेलं असावं लागतं. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय कायद्याने सक्तीची आहे. मुलाखतीत त्याबद्दल विचारायला संकोचू नका.)

आता सासूबाई. त्या येतो म्हणतात, हे तुमचं भाग्य आहे. पण त्यांचंही एक आयुष्य आहे: सकाळी तलावपाळीला फेरी, भजनी मंडळ, गडकरी रंगायतनला नाटक, ओळखीचे डॉक्टर. सहा महिन्यांसाठी ते सगळं सोडून त्या अशा गावात येणार, जिथे नोव्हेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो आणि रस्त्यावर बोलायला कुणी नसतं. भेटीच्या व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, पण लागोपाठ भेटी देत तिथेच राहण्यासाठी तो व्हिसा नसतो. हॉस्पिटलात दाखल व्हायची वेळ आली तर बिलही येतं, म्हणजे विमा हवाच. त्यांना मे महिन्यात बोलवा, नातीबरोबर हिंडू-फिरू द्या. तुमच्या नोकरीचं वेळापत्रक मात्र त्यांच्या गुडघ्यांवर उभं करू नका. त्या परतल्या की सातव्या महिन्यात तुम्ही पुन्हा याच प्रश्नापाशी येऊन थांबाल.

राहता राहिले यजमान. त्यांच्या मनात खोट नाही, असं तुम्ही लिहिलं आहे आणि माझाही त्यावर विश्वास आहे. पण "मी आहे" याला वार आणि वेळ लागते. हार्वर्डच्या क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते स्त्रियांच्या रोजगाराच्या अभ्यासासाठी. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट तुमच्या घराला लागू आहे. ज्या नोकऱ्यांत वेळी-अवेळी हजर राहावं लागतं, त्यांत पगार तासांच्या मानाने जास्तच चढतो. मूल झालं की दोघांपैकी एकाला लवचीक नोकरी धरावी लागते आणि बहुतेक घरांत ती बाई धरते. दोघंही सारखेच हुशार असले तरी दहा वर्षांनी पगारात दरी पडलेली असते. तुमच्या घरी गेली सहा वर्षं लवचीक बाजू तुम्ही सांभाळलीत. आता काही वर्षं त्यांनी सांभाळावी. त्यात त्यांच्या करिअरला थोडी झळ लागेल, हे दोघांनी आधीच मान्य करा. ती झळ कबूल नसेल, तर तो पाठिंबा तोंडचाच राहील.

इंग्लंडमध्ये यासाठी कायदा तुमच्या बाजूला आहे. 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा किंवा जागा बदलून मागता येते, वर्षातून दोनदा. कंपनीने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. नकार द्यायचा तर आधी चर्चा करावी लागते आणि कायद्यात दिलेल्या कारणांपैकीच कारण सांगावं लागतं. हा हक्क वडिलांनाही तेवढाच आहे, पण आपल्याकडचे किती पुरुष तो अर्ज करतात? मुलाच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत प्रत्येक पालकाला एकूण 18 आठवड्यांची बिनपगारी रजाही मिळते, एका वर्षात जास्तीत जास्त 4 आठवडे. ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मे महिन्यांतल्या हाफ-टर्मच्या, म्हणजे सत्रामधल्या सुट्टीच्या, आठवड्यांसाठी ती निम्मी-निम्मी वाटून घ्या. शाळेच्या आफ्टर-स्कूल क्लबमध्ये मात्र आजच नाव घाला, यादी लांब असते. मुलगी संध्याकाळी सहापर्यंत तिथे खेळली म्हणून काही बिघडत नाही. ठाण्यातली मुलंही पाळणाघरात वाढून छान मोठी होतात.

कंपनीशी बोलताना आपण मराठी मुली एक करतो: जागा मिळाली याचंच इतकं वाटतं की अटी विचारायच्या राहून जातात. पगार किती, पद काय, लंडनचे दोन दिवस ठरलेले की दर आठवड्याला बदलणारे, ऐरोलीला वर्षातून किती फेऱ्या, तुम्ही रजेवर असताना निर्णय कोण घेणार, हे सगळं लेखी मागा. दिवस ठरलेले असणं सर्वांत महत्त्वाचं. मंगळवार-गुरुवार पक्के झाले तर घर त्यांच्याभोवती बसवता येतं. आदल्या रात्री कळणारे दिवस कुठल्याच घराला झेपत नाहीत, आणि ते बदलायला कंपनी तयार नसेल तर नकार द्यायला माझी हरकत नाही.

तुम्हाला उत्तरासाठी पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे. आणखी एक आठवडा मागा, तेवढा देतात. या शनिवारी मुलगी झोपली की दोघांची कॅलेंडरं समोर ठेवून बसा आणि मंगळवार-गुरुवारच्या सव्वातीनच्या रकान्यात यजमानांना स्वतःच्या हाताने नाव लिहू द्या. सोमवारी त्यांचा अर्ज त्यांच्या कंपनीत जाऊ दे. त्यांना काय उत्तर मिळतं ते मला जरूर कळवा. नकार आला तर पुढचं पत्र त्यांनी स्वतः लिहावं, मी त्यांनाही उत्तर देईन.