कललेलं कोठार: आधी उचला, मग ओढा

प्रश्न: आमचं लाकडी सांगाड्याचं जुनं कोठार एका बाजूला कललं आहे. ३ मीटरच्या खांबाला ओळंबा सोडला, तर वरचं टोक १८ सेंमी बाहेर आहे. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढलं तर सरळ होईल का?

उत्तर: ट्रॅक्टरचा विचार सोडा. तो हिसका देतो आणि हिसक्याने खाचेतली कूस (सांध्यात खाचेत बसणारी लाकडाची जीभ) मोडते. दोष बहुधा बुडाशी असतो. खांबाचा पाय कुजून खचतो, मग कोपऱ्यातल्या तिरप्या आधारांच्या खुंट्या तुटतात. बुडात स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सहज घुसला, तर तेवढं लाकूड गेलंच.

खचलेल्या खांबासकट ओढलंत, तर सांगाडा पिळवटेल. म्हणून आधी आतला माल काढा, पडू पाहणाऱ्या बाजूला टेकू द्या आणि खांबांशेजारी ओंडक्यांची आडवी-उभी चवड रचून स्क्रू जॅकने उचला. एका वेळी ५ मिमी, आळीपाळीने सगळे खांब. हायड्रॉलिक जॅक असेल तर चवडही सोबत चढवत न्या. सील गळलं की तो बसतो.

कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापा. नवा पाय त्याच जातीच्या लाकडाचा, लांब तिरक्या जोडाने. जोड खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट. पाय दगडावर टेकवा. काँक्रीटमध्ये पुरलेल्या खांबाभोवती ओल कोंडते आणि तो पुन्हा कुजतो.

आता ओढायचं. नंतर कुणी ठोकलेल्या फळ्या सांगाड्याला वाकड्या स्थितीतच जखडून ठेवतात, त्या आधी काढा. (हे हमखास विसरलं जातं.) खांब आणि तुळईच्या सांध्याशी तार बांधा, तारेखाली फळीचा तुकडा घाला, चेन पुलीने दिवसाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ओढा. पंधरवडा लागेल. करकर चालेल, ताडकन आवाज आला तर थांबून सांधे तपासा. तारेच्या रेषेत कुणीही उभं राहू नये. ओळंब्याच्या पुढे सेंटिमीटरभर जास्त ओढा, कारण सोडल्यावर सांगाडा थोडा मागे येतो. तात्पुरते तिरपे आधार दोन्ही दिशांनी ठोकल्याशिवाय पुली सैल करू नका.

प्रश्न: तुटलेल्या खुंट्यांऐवजी बोल्ट चालतील?

उत्तर: लाकडी खुंट्याच बऱ्या, पण पक्क्या वाळलेल्या. नवी कूस असेल तर तिच्यातलं भोक खाचेच्या भोकापेक्षा खांद्याकडे, म्हणजे कुशीच्या मुळाकडे, २-३ मिमी सरकवून पाडा. खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळतो.