दगडांचा जिना चढताना : तुमचे प्रश्न

प्रश्न : मार्चअखेर शाळेच्या सुट्टीत अमेरिकेतल्या फिनिक्सहून गाडीने सात दिवस निघतोय. मुलं सहा आणि दहा वर्षांची. ग्रँड कॅनियन, झायन, ब्राइस आणि आर्चेस, ही चारही राष्ट्रीय उद्यानं होतील का?

उत्तर : होतील, पण मुलं सगळं काचेतून बघतील. आर्चेस सोडा, ब्राइसहून तिथपर्यंतच साडेचार-पाच तास जातात. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कडेला दोन रात्री, झायनला दोन, ब्राइसला एक आणि परतताना पेज गावात एक, असं बसवा. क्रम मात्र हाच ठेवा. ग्रँड कॅनियनचा सगळ्यात वरचा थर झायनमध्ये तळाशी असतो आणि झायनचा वरचा थर ब्राइसच्या तळाशी. म्हणजे तुम्ही एकच जिना खालून वर चढत जाता. ग्रँड कॅनियनच्या कडेचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, ब्राइसचा गुलाबी गाळ साधारण पाच कोटींचा. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटींच्या आसपासचा, तेव्हा ब्राइस त्याच्यापेक्षा लहान. दहा वर्षांच्या मुलाला हे बरोबर पटतं.

ॲरिझोनात (ग्रँड कॅनियन) उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करत नाहीत, युटात (झायन, ब्राइस) करतात. सीमा ओलांडली की एक तास गेला. झायनमध्ये मार्च ते नोव्हेंबर दरीतल्या मुख्य रस्त्यावर खासगी गाडी सोडत नाहीत, पार्कची फुकट बस घ्यावी लागते. सकाळी आठनंतर पार्किंगची आशा धरू नका.

प्रश्न : लहान मुलांना दगडात दाखवायचं काय? पाच मिनिटांत कंटाळतात.

उत्तर : नजारा मोठ्यांसाठी असतो, मुलांना हाताएवढं काहीतरी हवं. दहापट मोठं दिसेल असं भिंग न्या. झायनच्या पूर्व प्रवेशद्वाराजवळ, बोगद्याच्या अलीकडे, चेकरबोर्ड मेसा नावाचा, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी दिसणारा डोंगर आहे. पायवाटेवर पडलेली वाळू तळहातावर घेऊन भिंगाखाली धरा. कण गोलसर आणि दुधी काचेसारखे दिसतील, कारण वाऱ्याने ते एकमेकांवर आपटत घासले गेलेत. आता समोरच्या दगडातले तिरके पट्टे दाखवा. वाळूच्या टेकडीवर वारा ज्या बाजूला जातो, त्या उतारावरून वाळू घसरते. तोच उतार थरांत गोठलाय. पट्टे जिकडे खाली झुकतात, तिकडे वारा वाहत होता. वारा कुठून आला ते मुलांना ओळखू द्या. उभ्या भेगा नंतरच्या, दगड तापून-गार होऊन पडलेल्या. दोन्हींची गल्लत बहुतेक जण करतात.

ब्राइसचे सुळके बर्फाने कोरलेत. भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठून साधारण नऊ टक्के फुगतं आणि दगड फोडतं. निघण्याआधी प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवली की वेगळं समजवावं लागत नाही. (काचेची नको.) तिथली कड आठ हजार फुटांच्या वर आहे. मार्चमध्ये सावलीतली वाट बर्फाने काचेसारखी होते, बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मुलांसाठीही घ्या.

प्रश्न : भाड्याच्या गाडीत टायरमधली हवा कमी झाल्याचा दिवा लागला तर? आणि मुलाने खिशात घातलेला खडा?

उत्तर : तापमान दर दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण एक पीएसआय (पंपावर दाब मोजायचं माप) पडतो. फिनिक्सच्या दुपारहून ब्राइसच्या पहाटेत ५० अंशांचा फरक सहज असतो, म्हणजे पाच पीएसआय गेले. निघताना तीन-चार आधीच कमी असतील तर दिवा लागू शकतो. पंक्चर नाही ना हे चारही टायर मोजून ठरवा: एकच खाली असेल तर पंक्चर, चारही सारखे खाली असतील तर थंडी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. दुपारी गरम टायर जास्त दाखवतो म्हणून हवा सोडू नका. बरेच जण सोडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पंपाशी उभे राहतात.

खडा परत ठेवा. राष्ट्रीय उद्यानातून दगड नेणं बेकायदा आहे. बदल्यात ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागा, फुकट मिळते; मुलांनी उद्यान बघत ती भरली की बॅज मिळतो. ती पहिल्याच दिवशी, पोचल्या पोचल्या घ्या. शेवटच्या तासात घेतली तर बॅज हुकतो आणि मग गाडीत रडारड.