मराठवाड्यात पाणथळ जागा आहेत का, की त्या फक्त कोकणातच?

तुम्ही विचारलंय की पाणथळ म्हटलं की पुस्तकात खाडी आणि खारफुटीच येते, मग दुष्काळी मराठवाड्यात असलं काही बघायला मिळेल का. मिळेल. माझं गाव गंगापूर तालुक्यात, जायकवाडी धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे भिंतीमागं पसरलेल्या पाण्याला, लागून आहे. लहानपणापासून जे बघत आलो तेच सांगतो.

खारफुटी इथं नाही, तिला खारं-मचूळ पाणी लागतं. पण पाणथळ म्हणजे तेवढंच नव्हे. १९७१ च्या रामसर करारात नैसर्गिक आणि माणसानं केलेलं, बारमाही आणि हंगामी, गोडं आणि खारं असं सगळंच पाणी धरलंय. धरणाचा उथळ काठही त्यात आला.

खाडीला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. आमच्या काठाला वर्षातून एकदा. पावसाळ्यात वरून, नाशिक-नगरकडून पाणी आलं की नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, फुगतो. पुढं कालवे सुटतात, ऊनही पाणी ओढून घेतं आणि काठ मागं सरकायला लागतो. धरण पूर्ण भरलं की सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पाणी पसरतं आणि साठा होतो २९०९ दशलक्ष घनमीटर. भागाकार केला तर सरासरी खोली आठ मीटरच्या जरा वर. परातीत पाणी ओतावं तसं आहे हे. म्हणून पातळी हातभर उतरली तरी काठाची जमीन लांबवर उघडी पडते.

या जमिनीला आम्ही गाळपेर म्हणतो. माझे वडील ओल बघून तिच्यात हरभरा टाकतात. खाली पोटरीभर चिखल, वर पापुद्रा धरलेला, आणि त्या पापुद्र्यावर सकाळी पक्ष्यांच्या पायांची नक्षी उमटलेली असते. याच चिखलात गोगलगायी, किडे, शेवाळ, बारीक मासळी असते. मुग्धबलाक हा करकोचा त्यातून गोगलगाय काढतो. त्याच्या चोचीच्या मधोमध फट असते, मिटली तरी ती राहतेच. चमचा नावाचा पक्षी चोच पाण्यात डावी-उजवीकडं फिरवत चालतो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मान खाली घालून, डोकं उलटं करून चिखलपाणी गाळून खातो. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस दिवस वर आला की पाण्यावर उतरतात. त्यांचा आवाज आधी येतो, थवा नंतर दिसतो.

धरण भरू दे म्हणून देवाला साकडं घालणारे आम्हीच. पण ज्या वर्षी पाणी उशिरापर्यंत तुडुंब राहतं, त्या वर्षी आमच्या बाजूला रोहित फारसे दिसत नाहीत. उथळ चिखलच उघडा पडत नाही, ते खातील काय? पाण्याचं चढणं जितकं गरजेचं, तितकंच उतरणंही, हे मला तिथं उभं राहून कळलं.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गाळपेरीत हल्ली फवारणी वाढलीय. पुढच्या पावसाळ्यात तीच जमीन पाण्याखाली जाते, आणि तेच पाणी संभाजीनगर पितं. वडिलांशी माझा यावरून वाद झाला, दोन हंगाम चालला. आता आमच्या तुकड्यात औषध मारत नाही. पिकाचा उतारा कमी येतो, ते खरं आहे.

नाथसागराला १९८६ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे, म्हणून निदान कुणाचं तरी लक्ष आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेत. त्यामुळं गावोगावच्या पाझर तलावांचा काठ कुणी बुजवला तर या नियमांचा आधार मिळत नाही. तुमच्या गावातही असा तलाव असेल, आधी तोच जाऊन बघा.

इकडं यायचं तर जानेवारीत या, ऊन चढायच्या आत. नगर रस्त्यावर कायगाव टोक्याला, प्रवरा गोदावरीला मिळते तिथून फुगवटा दिसायला लागतो. दुर्बीण आणा, आणि गाळपेरीत उतरण्याआधी शेतात कुणी असेल तर विचारा. पापुद्रा वरून वाळलेला दिसतो, पण पाय दिला की आत जातो.