भारतात युद्ध पुकारण्याचा कायदेशीर अधिकार कोणाकडे असतो?

संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३(२) नुसार राष्ट्रपतींकडे असले, तरी अनुच्छेद ७४ प्रमाणे त्यांना मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानेच वागावे लागते. त्यामुळे युद्धाचा खरा निर्णय पंतप्रधान आणि त्यांचे मंत्रिमंडळच घेते. त्यासाठी संसदेची पूर्वसंमती घ्यावी, असे घटनेत कुठेही म्हटलेले नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. संसदेच्या हाती उरते ती खर्चाची मंजुरी आणि, युद्धामुळे आणीबाणी घोषित झालीच तर, अनुच्छेद ३५२ अन्वये ती घोषणा एका महिन्याच्या आत मंजूर करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार. अर्थात, आणीबाणी म्हणजे युद्धाची घोषणा नव्हे: १९६२ आणि १९७१ मध्ये ती लागू झाली, १९९९ च्या कारगिल संघर्षात मात्र झाली नाही.