किंग जेम्स की नवं भाषांतर: सुरुवात कुठून करायची?

पाच-सहा बायबलं एकदम उघडून बसू नका, डोकं गरगरेल. दोनच इंग्रजी भाषांतरं घ्या: 1611चं किंग जेम्स आणि आजच्या काळातलं न्यू इंटरनॅशनल. सबंध पुस्तकही नको, मार्कच्या शुभवर्तमानाचा 16वा अध्याय पुरे.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे नव्या प्रतीत वचन दिसलं नाही की 'गाळलं!' म्हणून ओरडायचं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 काढून बघा. न्यू इंटरनॅशनलमध्ये 36 नंतर थेट 38 येतं. 37वं तळटीपेत सापडतं. किंग जेम्सच्या 1611च्या भाषांतरकारांसमोर नव्या कराराचा जो छापील ग्रीक पाठ होता, तो मुख्यतः उशिराच्या हस्तलिखितांवर उभा होता. आजचे भाषांतरकार चौथ्या शतकातली सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितंही धरतात, आणि त्यांत मार्क 16:8 वरच (16वा अध्याय, 8वं वचन) थांबतो. तेव्हा तळटिपा आधी वाचा. खरी मजा तिथेच आहे!

आणखी दोन गोष्टी:
- बाजारातली किंग जेम्स बहुधा 1769च्या सुधारित पाठाची असते. तिला 1611ची समजू नका.
- 'द मेसेज' हे इंग्रजी बायबल वाचायला झकास, पण ते सैल रूपांतर आहे. तुलनेला सध्या नको.

ग्रीक शिकायचं का, हे नंतर बघू.