‘आजींचा काहीच त्रास नाही हो’

“मॅडम, मी आईला वृद्धाश्रमात ठेवलं म्हणूनच तिला डिप्रेशन आलं ना? घरी आणू का परत?” हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. या ताईंची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). आयुष्य सदाशिव पेठेत गेलेलं, यजमान गेल्यावर सिंहगड रोडजवळच्या एका वृद्धाश्रमात आलेल्या. जेवण निम्मं झालेलं, शब्दकोडं सोडवणं थांबलेलं, नावं विसरायला लागलेल्या. “वयच झालंय,” म्हणून सगळे गप्प. व्यवस्थापक तर कौतुकाने म्हणाले, “आजींचा काहीच त्रास नाही हो!”

हे वाक्य ऐकलं की मला धास्तीच वाटते. उतारवयातलं नैराश्य रडत येतंच असं नाही. भूक मंदावते, अंग दुखतं, विसराळूपणा वाढतो, माणूस ‘शांत’ होतो.

ज्येष्ठांच्या नैराश्यासाठी हो-नाही उत्तरांची पंधरा प्रश्नांची चाचणी असते. गुण पाचाच्या वर गेले की शंका घ्यायची. या काकूंचे, म्हणजे ताईंच्या आईचे, आले दोन. चूक माझी होती, लेक शेजारीच बसली होती. तिला चहाला पाठवून पुन्हा विचारलं, तर अकरा! “पोरीला वाईट वाटेल हो,” काकू म्हणाल्या. जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. “तसं नाही. पण देवानं न्यावं आता.”

रक्ततपासणीत बी-१२ कमी निघालं, थायरॉइड ठीक होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याची गोळी सुरू केली. या वयात अशा गोळीने कधी कधी रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून तीही तपासणी ठरली. गोळीचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी “काही फरक नाही” म्हणून ती बंद करू नका.

घरी नेण्याचं? मी ताईंना थांबायला सांगितलं. नवरा, घर, पेठेतली ओळखीची माणसं, सगळं एकदम सुटलेलं. खोली बदलून ते परत येणार नव्हतं, आणि तुमच्या घरी त्या दिवसभर एकट्याच असणार होत्या. आधी आजार उतरू दे, मग त्यांनाच विचारा. (मध्येच मरणाची भाषा वाढली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो.) भेटायला जाल तेव्हा मात्र “बरी आहेस ना?” एवढ्यावर उठू नका.

दोन महिन्यांनी व्यवस्थापकांचा ताईंना वैतागून फोन आला, “आजी हल्ली फार तक्रारी करतात. आमटीत गूळ नाही म्हणून काल स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला ऐकवलं.”

ताईंनी घाबरून मला कळवलं. मी म्हटलं, “पुढच्या खेपेला गुळाची ढेप घेऊन जा.”